लोकर घेताना आधी लेबल वाचा

थंडीची चाहूल लागली की आपल्या घरांतून दोन विषय निघतात: हीटिंगचे बिल आणि विणकाम. भारतातून आलेल्या आई किंवा सासूबाई नातवंडांसाठी स्वेटर विणायला घेतात आणि लोकर आणण्याचे काम तरुण मंडळींकडे येते. दुकानात भिंतभर रचलेले गुंडे पाहून गोंधळ होणे साहजिक आहे. अशा वेळी रंगाच्या आधी लेबल वाचावे. पैसे आणि मेहनत, दोन्ही तिथेच वाचतात.

जाडी : रोजच्या कपड्यांसाठी मध्यम जाडीची, पण हलकी लोकर सर्वांत सोयीची. तिला 'डी. के.' (म्हणजे डबल निटिंग) किंवा 'लाइट वर्स्टेड' म्हणतात. अमेरिकेतील क्राफ्ट यार्न कौन्सिलच्या पद्धतीत जाडीला ० ते ७ असे आकडे दिले आहेत. त्यात ही लोकर ३ नंबरची. साध्या विणीत ४ इंचांत २१ ते २४ टाके बसतात आणि सुई ३.७५ ते ४.५ मि. मी. लागते. ४ नंबरची जाड लोकर लवकर विणून होते. पण त्या स्वेटरवर कोट घट्ट होतो आणि हीटिंग चालू असलेल्या घरात तो अंगात ठेववत नाही.

सुया : भारतातून आणलेल्या सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नेमके उलट. भारतातील ८ नंबरची सुई ४ मि. मी. असते, ती इथली ६ नंबरची. इथली ८ नंबरची सुई मात्र ५ मि. मी. आहे. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर पाहा.

नमुना : आम्ही संगणकवाले मोठ्या प्रोग्रॅमआधी छोटा तुकडा तपासून घेतो. विणकामातही तेच करावे. साधारण ६ इंचांचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या ४ इंचांतील टाके मोजा. समजा, नमुन्यात २२ टाके सांगितले आहेत आणि ४० इंची घेरासाठी एकूण २२० टाके आहेत. तुमच्या हाताने ४ इंचांत २० च टाके बसत असतील, तर तोच स्वेटर ४४ इंच होईल! अशा वेळी एक नंबर बारीक सुई घेऊन पुन्हा पाहावे.

किंमत : गुंड्याच्या वजनावर जाऊ नका, लांबीवर जा. समजा, ५० ग्रॅमचा एक गुंडा १२५ मीटरचा आहे, किंमत ५ डॉलर. दुसरा तेवढ्याच वजनाचा, पण ८५ मीटरचा, किंमत ४ डॉलर. हजार मीटर हवे असतील तर पहिले ८ गुंडे ४० डॉलरला पडतात, दुसरे १२ गुंडे ४८ डॉलरला. म्हणजे 'स्वस्त' लोकर ८ डॉलरने महाग! सगळे गुंडे एकाच 'डाय लॉट'चे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्यावेत. नाहीतर एक बाही वेगळ्या छटेची दिसते. एक गुंडा जास्त घ्यावा, पण न उघडलेला परत घेतात का हे आधी विचारावे.

धुणे आणि प्रकृती : साधी लोकर गरम पाण्यात आणि मशीनमध्ये आटून घट्ट होते. लहान मुलांसाठी 'सुपरवॉश' लोकर बरी. ती मशीनमध्ये धुता येते, फक्त लटकवून न वाळवता सपाट पसरावी. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपे, पण गरम इस्त्रीने त्याची वीण कायमची ढिली पडते. त्वचा नाजूक असेल तर गुंडा थोडा वेळ मानेला लावून पाहावा. टोचला तर मऊ सुती धागा घ्यावा. बाळाला झोपवताना मात्र विणलेली टोपी व सैल ब्लँकेट पाळण्यात ठेवू नये. पहिल्या वर्षासाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा तसाच सल्ला आहे.

आणि विणणाऱ्या हातांचीही काळजी घ्या. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटे, मनगटे मोकळी करावीत. बोटांना वारंवार मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवावे. स्वेटर चार दिवस उशिरा झाला तरी चालेल. थंडी इथे भरपूर असते!