धूर, अग्नि व कर्करोगाची खूण

गेल्या पावसाळ्यांत इंदापूरचा आमचा एक जुना विद्यार्थी बारामतीस आमच्या घरीं आला. त्याच्या मातोश्रींस तोंडाचा कर्करोग झालेला; मिश्रीची सवय चाळीस वर्षांची. गांठीचा तुकडा तपासणीस पाठविला होता व ‘पीडी-एल१’ या पदार्थाचें प्रमाण अल्प असल्याचें अहवालांत लिहिलें होतें. “गुरुजी, आतां औषधाचा उपयोग नाहीं, असाच याचा अर्थ ना? मग आईला उगीच कशाला छळायचें?” असें तो म्हणाला. हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढें येतो. म्हणून त्याचा येथें विचार करूं.

आपल्या शरीरांत टी पेशी नांवाचे रक्षक असतात. त्यांनीं स्वकीयांवरच शस्त्र उगारूं नये म्हणून निसर्गानें त्यांना ‘पीडी-१’ हा लगाम घातला आहे. त्याचें जनुक १९९२ सालीं जपानांत क्योटो येथें तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेंत सांपडलें. २०१८ सालीं होंजो यांस जेम्स ॲलिसन यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. कर्करोगाची पेशी अंगावर पीडी-एल१ धारण करून हा लगाम खेंचते, आणि रक्षक स्वस्थ बसतो. निव्होलुमॅब हें औषध तो लगाम सैल करितें. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांतील डॉक्टरांनीं डोकें व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर केलेला प्रयोग २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांस अवघे २० मिलिग्रॅम औषध इतर गोळ्यांस जोडिलें असतां वर्षभर जगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १६ वरून ४३ वर गेलें.

तेव्हां ही खूण जेथें अधिक तेथें औषध अधिक लागूं पडेल, हें अनुमान सरळ दिसतें. परंतु धुरावरून अग्नीचें अनुमान निघतें तें व्याप्तीच्या बळावर. धूर तेथें अग्नि हा नियम मोडत नाहीं. पीडी-एल१ हा हेतु मात्र सव्यभिचारी आहे. खूण भरपूर असूनही कित्येकांस गुण येत नाहीं, व अल्प असूनही कित्येकांस येतो. शिवाय तपासलेला तुकडा गांठीच्या एका कोपऱ्याचा; दुसऱ्या कोपऱ्यांत प्रमाण निराळें असूं शकतें. म्हणूनच शास्त्रज्ञ आतां रोगप्रतिकाराशीं संबंधित अनेक जनुकांची एकत्र मोजणी करून पाहत आहेत. तीही शंभरांत किती जणांस गुण येईल याचा अदमास देईल. त्या शंभरांत आपली आई कोठें, हें सांगणार नाहीं.

हें समजावून आम्हीं त्यास पुन्हां डॉक्टरांकडे धाडिलें. उपचार चालू आहेत. फळाविषयीं आजच लिहिणें उतावीळपणाचें होईल.

एक खूण मात्र कोणत्याही प्रयोगशाळेवांचून दिसते. तोंडांतील पांढरा अथवा तांबडा चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पुरतें न उघडणें, यांपैकीं कांहींही आढळल्यास त्वरित दाखवावें. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया मिश्री लावीत असतील, तर त्यांस उजेडांत बसवून एकदां तोंड उघडण्यास सांगावें. त्या माउलीनें ती जखम सात महिने पदराआड लपविली होती.