मजुरीचा दर आणि दिवसाची लांबी

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात औद्योगिक वसाहत आहे, आणि तालुक्यात कपाशीची शेतेही. कारखान्यातील पाळी घड्याळ मोजते. शेतातील दिवस बहुधा सूर्यच मोजतो. या भागात शेतमजुरी रोजाने ठरते किंवा गुत्त्याने. रोजात पैसे ठरतात, तास मात्र अनेकदा अध्याहृत राहतात. पैसे तेच ठेवून काम तासाभराने लांबविले, तर ती वस्तुतः मजुरीतील कपातच होय.

गुत्त्यात मजूर आपल्या वेळेचा धनी असतो, असे म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. घरचा स्वयंपाक आटोपून वेचणीला निघणाऱ्या स्त्रीला किलोमागचा दर सोयीचा वाटतो. पण दर तुटपुंजा असला की तीच स्त्री अंधार पडेपर्यंत वाकलेली राहते. मालकाचा मुकादम जातो आणि गरजच मुकादम होते.

१९४६ साली, डॉ. आंबेडकरांकडे केंद्रातील मजूर खाते असताना, बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. शेतातील श्रमाला असे काटेकोर घड्याळ लाभले नाही. तथापि १९७९ मध्ये अमलात आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने एक वाट दाखविली होती. तेथे मजुरी कामाच्या मोजमापावर असे; परंतु साधारण मजुराला सात तासांच्या कामात किमान मजुरी पडावी, अशा बेताने दर ठरत. गुत्त्याच्या दरातही तास धरता येतात, ते असे.

म्हणून दर बोलताना तासही बोलले गेले पाहिजेत. ज्या दिवसाला शेवट नाही, त्याची किंमत ठरणार कशी?