खिशातला चाकू: स्वस्त घ्या, पण दोन घ्या



आज खत नाही, औषध नाही, बियाणंही नाही. आज बोलायचं आहे ते तुमच्या खिशातल्या चाकूविषयी. इतक्या लहान वस्तूवर पत्रक कशाला, असं कुणी म्हणेल. पण नाटे, साखरी नाटे, आंबोळगड या बाजूला बागांमधून हिंडताना एक गोष्ट वारंवार दिसते. घरात दोन-अडीच हजारांचा चाकू पेटीत जपून ठेवलेला असतो आणि बागेत मालक दाताने सुतळी तोडत असतो.

कोयता तर आपल्याकडे कमरेला असतोच. फांदी तोडायला, नारळ सोलायला, कुंपणाच्या काट्या छाटायला कोयता. पण पोत्याची शिवण उसवणे, औषधाची पुडी फोडणे, पाण्याची नळी कापणे, जाळ्याचा गुंता सोडवणे ही कामे कोयत्याची नव्हेत. त्यासाठी चार बोटे लांबीच्या पात्याचा, मिटून खिशात जाणारा चाकू लागतो. आणि तो नेमका त्या वेळी खिशात हवा. घरी असून उपयोग नाही.

कलमाच्या पट्टीचंच उदाहरण घ्या. आंब्याचं कोय कलम किंवा काजूचं मृदकाष्ठ कलम आपण रोपवाटिकेतून आणून लावतो. जोडावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली असते. जोड पक्का झाला की ती कापून काढायची असते. ती राहून गेली तर खोड जाड होत जातं, पट्टी मात्र ताणत नाही. मग ती सालीत रुतते आणि खोडाला खाच पडते. पुढे एखाद्या वादळी वाऱ्यात कलम तिथेच मोडतं. तसंच खुंटावरच्या फुटव्याचं. जोडाच्या खाली फुटवा आला की तो रायवळचा. तो लहान असताना चाकूने खोडालगत काढला तर क्षणाचं काम आहे. राहू दिला तर तोच जोर धरतो, वरचं हापूस खुरटतं, आणि पाच-सहा वर्षांनी फळ धरल्यावर कळतं की आपण राखण केली ती रायवळची. दोन्ही गोष्टी बागेतून जाता-येता नजरेला पडतात. चाकू खिशात असला तर काम तिथल्या तिथे होतं. नसला तर आपण म्हणतो, ‘उद्या बघू.’ तो उद्या पावसाळा संपल्यावर उजाडतो.

महागाचा चाकू खिशात का राहत नाही? हरवेल म्हणून. खाडीत पडेल, गड्याने मागितला तर द्यावा लागेल, मुलगा त्याने पत्र्याचा डबा उघडेल. म्हणून तो पेटीत जातो. स्वस्त चाकूला ही भीती नाही. हरवला तर हळहळ वाटते, पण दिवस वाया जात नाही. शे-सव्वाशे रुपयांत साधा, कामाचा चाकू मिळतो. म्हणून माझा सल्ला असा की एकदम दोन घ्यावेत: एक खिशात, एक पंपाच्या किंवा अवजारांच्या खोलीत खिळ्याला अडकवून.

दुसरं कारण धारेचं. महाग चाकूचं पोलाद पुष्कळदा फार कडक असतं. त्याची धार टिकते खरी, पण एकदा गेली की घरच्या दगडावर ती परत येता येत नाही. स्वस्त चाकूचं पातं त्या मानाने मऊ. धार लवकर जाते, पण पाच मिनिटांत परतही येते. नायलॉनचं जाळं, सिमेंटचं पोतं, मातीने भरलेली दोरी कापणाऱ्याला कोणत्याही पोलादाची धार रोज थोडी गमवावीच लागते. मग जी सहज परत आणता येते ती धार आपल्या कामाची.

आता एक काम असं आहे की जे साध्या लोखंडी पात्याचा चाकूच करू शकतो, आणि माझ्या मते बागायतदाराने तेवढ्यासाठी तरी असा एक चाकू बाळगावा.

बोर्डो मिश्रणाची चाचणी

सुपारीवरच्या कोळेरोगासाठी आपण पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो आणि उघडीप बघून पुन्हा एकदा. मिश्रण घरीच करायचं असतं: 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो चांगला कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटर पाण्यात विरवून, गाळून. दोन्ही द्रावणे प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत करावीत. लोखंडी पिंप, पत्र्याची बादली अजिबात नको. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत, काठीने ढवळत राहायचे. आकाशी निळ्या रंगाचं मिश्रण तयार होतं.

अडचण चुन्याची असते. चुना जुना, हवेने फुटलेला निघाला तर वजन एक किलो भरलं तरी त्यात जोर नसतो. मग मोरचुदातलं तांबं मोकळं राहतं, आणि असं मिश्रण फवारलं की रोग राहिला बाजूला, पानं आणि कोवळी सुपारीच करपते. हे फवारणीआधी ओळखायचं कसं? साध्या लोखंडी पात्याचा चाकू घ्या. पातं साबणाने धुवून, राखेने घासून लख्ख करा. त्यावर तेल राहिलं तर चाचणी फसते. पातं मिश्रणात मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस पुट चढलं तर तांबं मोकळं आहे असं समजा. थोडी थोडी चुन्याची निवळी घालून ढवळा, पातं पुन्हा घासून पुन्हा बुडवा. पुट चढेनासं झालं की मिश्रण फवारणीला तयार. ते त्याच दिवशी वापरून संपवायचं.

इथे चकचकीत, न गंजणारा चाकू फसवतो. स्टेनलेस पोलादात क्रोमियम असतं, त्यामुळे पात्यावर एक न दिसणारा पापुद्रा राहतो आणि तांबं त्यावर सहजी बसत नाही. मिश्रण बिघडलेलं असलं तरी पातं स्वच्छ बाहेर येतं आणि आपण निर्धास्त फवारतो. जो गंजतो तोच चाकू इथे खरं सांगतो. चाचणी झाल्यावर मात्र पातं साबणाने नीट धुवावं. मोरचूद विषारी आहे. त्याच चाकूने लगेच आंबा चिरू नये.

दुकानात काय बघावं

स्वस्त म्हणजे कसलाही नव्हे. राजापूरच्या बाजारात किंवा जत्रेत चाकू घेताना तो उघडून पातं दोन बोटांत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. खिळीत खुळखुळत असेल तर ठेवून द्या. उघडताना-मिटताना पाठीची पट्टी जोराने खेचते की नाही ते बघा. ढिली असेल तर काम करताना पातं बोटांवर मिटेल. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावता कामा नये. पात्याची लांबी तीन इंच पुष्कळ झाली. खटका दाबताच फटकन उघडणारा चाकू घेऊच नका. तो शेतीचा नव्हे, आणि नाक्यावर पोलिसाने खिसा तपासला तर उत्तर देताना तुमचीच पंचाईत. निवडणुकीच्या किंवा सणासुदीच्या काळात जमावबंदीचे, शस्त्रबंदीचे हुकूम निघतात. तालुक्याला जाताना त्या दिवसांत चाकू घरीच ठेवलेला बरा.

होडीवर जाणाऱ्यांनी मात्र स्टेनलेसचा घ्यावा. खाऱ्या पाण्यापुढे साधं लोखंड आठवडाभरही तग धरत नाही. पण तोही स्वस्तच घ्या, आणि मुठीला लाल किंवा पिवळी नायलॉनची दोरी बांधा. गवतात पडला तरी दिसतो, आणि दोरी कमरेला अडकवली तर पाण्यात जात नाही.

हा स्वस्तातला चाकू काही आपलीच रीत नाही. फ्रान्समधल्या सावॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल याने 1890 मध्ये लाकडी मुठीचा एक साधा घडीचा चाकू बनवला. तो तिथल्या शेतकऱ्यांच्या खिशात जाऊन बसला. 1955 मध्ये त्याला एक फिरती कडी बसवली गेली, जेणेकरून उघडलेलं पातं हातावर मिटू नये. चाकू आजही निघतो. इथे मागवला तर तो स्वस्त राहत नाही, पण साधं पातं, लाकडी मूठ आणि न मिटणारी कडी एवढं ध्यानात ठेवून खरेदी केली तरी पुरे.

धार आणि गंज

धारेसाठी बाजारात दुहेरी दगड मिळतो, एका बाजूने खरबरीत, दुसरीने बारीक. पाणी शिंपडून पातं त्यावर थोडं तिरपं धरावं. पातं दोन सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून अर्धा ते पाऊण सेंटीमीटर वर, एवढा तिरकेपणा. मग धार पुढे ठेवून, दगडाचा पातळ थर कापतो आहोत अशा बेताने सरकवायचं. एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेवर बारीक लव नखाला लागते. ती लागली म्हणजे त्या बाजूचं काम झालं. आता उलटून दुसरी बाजू. शेवटी बारीक बाजूवर हलक्या हाताने, आणि जुन्या कातडी पट्ट्यावर चार वेळा उलटं ओढून लव काढायची. दगड नसेल तर चिनी मातीची बशी पालथी घाला. तिच्या बुडाची खरबरीत कड धार साफ करायला चांगली चालते. पाट्यावर घासू नका, पाटा चटणीसाठी आहे. आपल्या जांभ्यावरही नको. तो सच्छिद्र आणि रवाळ, धार दंतुर होते.

धार लावणारा फिरत्या चाकावर लावत असेल तर लक्ष ठेवा. पातं तापून निळं पडलं की लोहाराने दिलेलं पाणी उतरलं समजा. मग ते पातं धार धरत नाही. मधून मधून पाण्यात बुडवायला सांगावं.

गंज ही आपल्या किनाऱ्याची खास अडचण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारमाही खारा वारा. रात्री चाकू पुसून पात्याला आणि खिळीला खोबरेल तेलाचं बोट लावलं की बहुतेक काम भागतं. कातडी म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरून बसतं. कोकम किंवा कैरी चिरल्यावर पातं काळं पडतं, त्याची चिंता नको. लाल गंज मात्र पातं खातो, तो दिसताच घासून काढावा. आंब्याचा आणि ओल्या काजूचा चीक लगेच पुसावा. ओले काजूगर काढताना हाताला तेल किंवा राख लावतो तशी पात्यालाही लावा; आणि त्या चाकूने, न धुता, मुलांना फळ कापून देऊ नका.

चाकूने काय करू नये तेही सांगतो. काजूच्या बुंध्यातला रोठा काढायला साल उचकटायची असते. तिथे चाकू घातला की टोक मोडतं किंवा पातं मिटून बोट कापतं. ते पटाशीचं काम. कलम बांधायलाही हा चाकू नको. काडीची पाचर एका ओढीत, आरशासारखी गुळगुळीत कापली गेली तरच जोड बसतो. त्यासाठी एका बाजूने धार असलेला वेगळा कलमचाकू ठेवा, किंवा दाढीचं नवं पातं घ्या. दिवसाला शेकडो कलमं बांधणाऱ्याने कलमचाकूवर आणि छाटणीच्या कात्रीवर जरूर पैसे खर्चावेत. तिथे मी स्वस्ताचा आग्रह धरणार नाही.

कापताना धार अंगापासून दूर चालवावी. तरीही हात कापला तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा. चुना, तंबाखू, माती भरू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. चाकू नवा होता म्हणून धोका टळत नाही. गेल्या पाच वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल, किंवा कधी घेतलं ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन टोचून घ्या. बोट बधिर वाटलं किंवा वाकेनासं झालं तरी तिथेच जा, घरी पट्टी बांधून बसू नका.