डाळ न शिजवणारं पाणी

आमच्या बचत गटाचा पहिला साचा फोडून फेकावा लागला, तेव्हा सगळ्या जणी गप्प झाल्या होत्या. प्लास्टरचं अर्धं पोतं वाया गेलेलं. "ताई, गटाचे पैसे हायेत हे," एवढंच एकजण म्हणाली. ते मनाला फार लागलं, कारण वाट्यांचा हा नाद मीच लावला होता.

मातीकाम म्हटलं की आपल्याला माठ आणि पणत्या आठवतात. पण आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला, 1950 च्या दशकात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला आणि चिनी मातीचं काम खेड्यात आणलं. मग भातकुलीत का नको, असं मला वाटलं. चाक फिरवायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. साच्याचं तसं नाही. साचा चांगला असला, की एकसारख्या वाट्या निघतात.

साचा करायला स्टीलची वाटी काचेवर पालथी ठेवायची. तोंड रुंद, तळ अरुंद अशीच वाटी घ्यायची, नाहीतर ती साच्यात अडकते. वाटीला साबणाचा पातळ हात द्यायचा आणि भोवती चार बोटं जागा सोडून पत्र्याचं कडं लावायचं. 1 लिटर पाण्याला साधारण 1 किलो 400 ग्रॅम प्लास्टर लागतं. प्लास्टर पाण्यात चाळत सोडायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग बुडबुडे न येतील असं हळू ढवळायचं आणि साईसारखं झालं की एका कडेनं ओतायचं. अर्ध्या तासात ते तापतं आणि घट्ट होतं. हा साचा काही दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवायचा. चुलीजवळ नको, जास्त उष्णतेनं तो भुसभुशीत होतो.

आमचं प्लास्टर मात्र बादलीतच आवळायचं. कसंबसं ओतलं, तर सुकल्यावर वर पांढरा खार फुटायचा. मातीचा घोळ शिऱ्यासारखा घट्ट व्हायचा. बादली अस्वच्छ असेल, जास्त ढवळलं असेल, असं वाटून आम्ही सगळं बदलून पाहिलं. उपयोग शून्य!

मग गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "काहून व बाई, पानी हातपंपाचं घेतलं नं? त्या पान्यात मायी तुरीची डाळ शिजत नाई, तुमचं हे पीठ काय ऐकीन?"

आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेला पूर्णेचा खारपाणपट्टा आमच्या पायाखाली आहे, हे शाळेत शिकलो, रोज चाखलं, पण कामाशी जोडलं नाही. पाण्यातले क्षार प्लास्टरला घाईनं आवळायला लावतात आणि मातीचे कण एकमेकांना चिकटवून घोळ घट्ट करतात.

पुढच्या खेपेला छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी गाळून घेतलं. घोळात सोडियम सिलिकेटचे मोजके थेंब टाकले, तर तो ताकासारखा वाहू लागला. साच्यात काठोकाठ भरला. कोरडं प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि भिंतीला मातीचा थर बसतो. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेला घोळ ओतून दिला. काही वेळानं थर आकसला, कडा सुटली आणि साचा उलटा करताच वाटी अलगद हातात आली. सगळ्यात आधी ती आजींच्या हातात दिली.

तुम्ही करणार असाल तर तीन गोष्टी पाळा. कोरडं प्लास्टर उडतं, म्हणून नाकातोंडाला रुमाल बांधा. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, नळी कायमची बुजते. आणि जेवायच्या वाटीवर शिसं नसलेलंच झिलईचं रसायन वापरून ती भट्टीत नीट भाजून घ्या.

वाट्या आता निघतात. पण मला वाटतं, त्या दिवशी आमचा गट घडला. कारण पोथीतलं नसलेलं, चुलीपुढे शिकलेलं ज्ञानही विचारायचं असतं, हे आम्हाला कळलं.