कराटे आणि खुब्याचा सांधा

कराटे म्हणजे ठोसे आणि लाथा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ठोशाचे बळ दंडात नसते. ते जमिनीवर रोवलेल्या पायांतून खुब्यात येते आणि कमरेच्या वळणासरशी मुठीपर्यंत पोहोचते. म्हणूनच ओकिनावातील गोजू-र्यू शैलीचे संस्थापक चोजुन मियागी यांनी सरावापूर्वीच्या हालचालींनाही सरावाइतकेच महत्त्व दिले. या पूर्वतयारीस जपानी भाषेत 'जुनबी उंदो' म्हणतात.

खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वाटीची खोली आणि मांडीच्या हाडाचा कोन प्रत्येकात निराळा असतो. त्यामुळे सारखेच कष्ट करणाऱ्या दोन मुलींपैकी एकीचे पाय सहज फाकतात, दुसरीचे फाकत नाहीत. यात आळसाचा प्रश्न नाही.

आपल्या जालना जिल्ह्यातील मुलांचे खुबे मुळात बरे असतात. कपाशीच्या खुरपणीला उकिडवे बसणाऱ्या घरांतून ती येतात, आणि येथे ध्यानासाठी रोज मांडी घालून बसतात. परंतु या दोन्ही बैठकांत मांडी पोटाकडेच दुमडलेली राहते. झेनकुत्सु-दाचीत मागचा पाय सरळ मागे जावा लागतो. जांघेचे स्नायू आखडलेले असतील, तर पाय जातो, पण त्याची किंमत कंबर मोजते. ती मागे वाकते. वर्गातील बाकावर पाच-सहा तास बसून संध्याकाळी मैदानात उतरणाऱ्या मुलांत हा दोष हमखास दिसतो.

म्हणून आधी पाच मिनिटे धावून अंग गरम करावे. हिवाळ्याच्या पहाटे थोडे अधिक. मग गुडघा कमरेइतका उचलून बाहेरून आत व आतून बाहेर सावकाश दहा-दहा वर्तुळे काढावीत. भिंतीला हात टेकून पाय पुढे-मागे झुलवावा, उंची हळूहळू वाढवावी. एक गुडघा जमिनीवर टेकून, कंबर न वाकवता, जांघ पुढे न्यावी. शेवटी शिको-दाचीत उतरून एकेका पायावर भार द्यावा. बराच वेळ ताण धरून ठेवण्याचे प्रकार सरावानंतर करावेत. आधी केल्यास स्नायूंचा जोर तात्पुरता उणावतो.

एका प्रथेस मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. मुलाला फुलपाखरासारखे बसवून दुसऱ्याने त्याचे गुडघे दाबणे, प्रसंगी त्यांवर उभे राहणे, हे अनेक वर्गांत आजही चालते. वाढत्या वयात स्नायू जेथे कमरेच्या हाडाला जोडलेले असतात, तो भाग पक्का झालेला नसतो. अचानक हिसक्याने हाडाचा तुकडाच सुटू शकतो. वीणेच्या तारा फार ताणू नयेत, फार सैलही ठेवू नयेत, हे तथागतांनी सोण भिक्खूंना सांगितले होते. आपले जे माजी विद्यार्थी आज गावोगावी वर्ग चालवतात, त्यांनी ही प्रथा बंद करावी, अशी आमची विनंती आहे.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. वसतिगृहातील मूल दुखणे लपवते; स्पर्धेतून नाव कमी होईल, ही त्याला भीती असते. किशोरवयात कधी कधी खुब्याचा गोळा वाढीच्या जागी सरकतो आणि वेदना मात्र गुडघ्यात जाणवते. गुडघ्याला तेल चोळण्यात आठवडे जातात. सुट्टीत घरी आलेले मूल लंगडत असेल, पाऊल बाहेर वळवून चालत असेल, तर त्याचे चालणे-खेळणे थांबवून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि गुडघ्यासोबत दोन्ही खुब्यांचाही एक्स-रे काढण्याविषयी विचारावे.