भर लोडात बंद पडणारा जुना ट्रक : आधी फीड पंप पहा



धान चुरून झाले, कट्टे भरले, आणि मूलच्या राईस मिलकडे निघालेला ट्रक वाटेतच बसला, तर काय हाल होतात हे तुम्हाला सांगायला नको. त्यात रस्ता चिचपल्लीकडचा किंवा सिंदेवाहीकडचा, दोन्ही बाजूंनी जंगल आणि दिवस मावळलेला. म्हणून पहिली सूचना हीच की, अंधारात अशा ठिकाणी गाडीखाली शिरू नका. आपल्या भागात वाघ आहे. केबिनमध्ये बसा, गाडीचे दिवे चालू ठेवा, दुसरी गाडी येईपर्यंत थांबा. दुरुस्ती उजेडी होईल.

आता दुखणे पाहू. टाटा आणि मर्सिडीज यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षे होता. त्या घराण्यातील जुन्या डिझेल गाड्या अजून कुठे कुठे ओझे वाहतात. अशी गाडी रिकामी असताना नीट चालते, पण भर लोडात दम टाकते, गचके देते आणि बंद होते. मग लगेच "मोठा पंप गेला" असे म्हणून तो खोलायला निघतात. थांबा! तो पंप मशीनवर बसवून जुळवलेला असतो. त्याचे सील तोडले की खर्च ठरलेलाच. दोष बहुधा त्याच्या अलीकडे असतो.

मोठ्या पंपाच्या कुशीत एक छोटा पंप बसवलेला असतो, तोच फीड पंप. त्याच्या पोटात पिचकारीसारखा दट्ट्या, स्प्रिंग आणि दोन व्हॉल्व्ह असतात. तो टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाला पुरवतो. त्याच्या पुढच्या पाइपला गळती असली तर डिझेल बाहेर ठिबकते, डोळ्यांना दिसते. मागच्या, म्हणजे टाकीकडच्या पाइपचे तसे नाही. तिथे ओढ असते, त्यामुळे इंजिन चालू असताना डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. भोक पडलेल्या नळीने ताक ओढून पहा, ताकाऐवजी वाराच तोंडात येतो. पाइप वरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि म्हणूनच मिस्त्रीही फसतो.

याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ डिझेलचा डबा घ्या आणि चांगली नळी लावून थेट फीड पंपाच्या ओढीच्या तोंडाला जोडा. डबा पंपाच्या खालच्या पातळीवर ठेवा. वर टांगला तर डिझेल आपसूक उतरेल आणि पंपाची परीक्षा होणारच नाही. हवा काढून गाडी उभ्या उभ्या रेस करा. इंजिन आता एकसारखे चालले तर दोष टाकी ते पंप यांच्यामध्ये आहे. रबरी नळी कडक होऊन चिरलेली असेल, जोडाखालचा तांब्याचा वायसर चपटा झाला असेल किंवा टाकीतली जाळी गाळाने बुजली असेल. टाकीचे झाकणही पहा. उघडताना "सूं" असा आवाज आला तर त्याचे हवेचे भोक बंद आहे. नवा वायसर नसेल तर जुनाच लाल तापवून पाण्यात बुडवावा, तो मऊ होऊन पुन्हा बसतो. नळी मात्र डिझेलचीच घ्या, पाण्याची चालत नाही.

डब्यावरही गाडी तशीच गचके देत असेल तर फीड पंपाकडे वळा. खालच्या वाटीतली जाळी धुवा. मग ओढीच्या तोंडावर बोट ठेवून जोडीदाराला हातपंप मारायला सांगा. बोट आत ओढले गेले पाहिजे. ओढ नसेल तर व्हॉल्व्हखाली कचरा अडकला आहे किंवा स्प्रिंग मोडली आहे. इंजिनचे ऑइल वाढले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर दांडीचे सील झिजलेले असू शकते. अशी गाडी चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातात.

काम झाल्यावर हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा आणि हातपंप मारत रहा. फेस जाऊन निव्वळ डिझेल आले की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. नंतर मोठ्या पंपावरचा स्क्रूही तसाच. शेवटी हातपंपाची मूठ पक्की फिरवून बसवा. ती ढिली राहिली तर तिथूनच हवा शिरते आणि सारी मेहनत वाया जाते. बिडी दूर ठेवा आणि तोंडाने डिझेल ओढू नका, फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

पेट्रोलच्या जुन्या जीपला हे जसेच्या तसे लावू नका. तिच्या पंपात रबरी पडदा असतो, आणि उघड्या डब्यातले पेट्रोल गरम इंजिनाजवळ नेणे म्हणजे आगीला बोलावणे.

मार्गशीर्षाच्या थंडीत अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली की आत दव धरते आणि ते पाणी तळाशी बसते. म्हणून टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी, आणि सकाळी कट्टे चढवण्याआधी फिल्टरच्या खालून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पहावे. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसते.