मूल सांगू लागतं तेव्हा…

संध्याकाळचे पाच वाजलेत. तुम्ही ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसला आहात. शाळेतून आलेली मुलगी जवळ येऊन घुटमळते, ताटातल्या तांदळांत बोट फिरवते आणि मध्येच म्हणते, "आई, उद्यापासून मी काकांकडे शिकवणीला नाही जाणार."

"का गं? अभ्यासाचा कंटाळा आला वाटतं!" आपल्या तोंडून सहज निघून जातं. मुलगी गप्प होते. खेळायला जाते. तांदूळ निवडून होतात, कुकर लागतो आणि ते वाक्य तिथंच राहतं.

मैत्रिणींनो, बहुतेक वेळा तो खरोखरच कंटाळा असतो. पण एखाद्या वेळी ते वाक्य म्हणजे दाराची कडी हळूच वाजवणं असतं. आत कुणी ऐकून घेणारं आहे का, एवढंच मूल पाहत असतं.

"आमच्याकडे नाही हो असलं काही," असं म्हणून पान उलटू नका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीतले, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

का सांगत नाहीत? रोलँड समिट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८३ साली याची उकल केली. मुलाला गप्प राहायला बजावलेलं असतं, ते असहाय असतं, हळूहळू ते सारं सोसायला शिकतं. मग केव्हातरी उशिरा, अर्धवट, विस्कळीत असं सांगतं. आणि घरात गोंधळ उडाला, की "नाही, तसं काही नव्हतं" म्हणून मागे घेतं. आपण म्हणतो, "बघा, खोटं बोलत होती!" पण शब्द मागे घेणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. अमेरिकेत २००७ साली अशा २५७ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे २३ टक्के मुलांनी कधी ना कधी आपलं बोलणं फिरवलं होतं, आणि घरच्या माणसाने पाठराखण केली नाही तिथे ते अधिक घडलं होतं.

आता दुसरी बाजू. आई हादरते आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू करते. "कुणी? काकांनीच ना? कुठे हात लावला? इथे लावला का?" माया खरी, काळजी खरी, पण इथेच घोटाळा होतो.

कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावी मॅकमार्टिन नावाची बालवाडी होती. १९८३ साली एका आईने तक्रार केली. पोलिसांनी सुमारे २०० पालकांना पत्र धाडलं : आपापल्या मुलांना विचारून पाहा. घरोघर विचारणा झाली. पुढे शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. "बाकीच्यांनी तर सांगितलं, तू हुशार आहेस ना?" असे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. एखाद्या मुलाला खरोखर काही सोसावं लागलं होतं का, हे त्या प्रश्नांच्या गदारोळात कुणालाच ओळखता येईना.

कोर्टाच्या कामी येणारं मानसशास्त्र, म्हणजे फॉरेन्सिक सायकॉलॉजी, यातून फार शिकलं. १९९८ साली संशोधकांनी ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. एक पाहुणा येऊन गोष्ट सांगून गेला. आठवड्याने मुलांना त्याने न केलेल्या गोष्टींबद्दल विचारलं. नुसते सुचवणारे प्रश्न विचारले, तेव्हा १७ टक्के उत्तरं चुकीची "हो" आली. मॅकमार्टिन पद्धतीने शाबासकी आणि दडपण मिसळलं, तेव्हा ५८ टक्के! आणि तेही पाच मिनिटांच्या आत. मुलं मुळात खोटारडी असतात असा याचा अर्थ नाही हं. "काय झालं ते सांग" एवढंच विचारलं, तर लहान मूलही बरंचसं नीट सांगतं.

म्हणून आईचं काम ऐकण्याचं, तपासाचं नव्हे. एवढं ध्यानात ठेवा :

• हातातलं काम बाजूला ठेवा. चेहरा शांत ठेवा, मन कितीही पेटलं तरी.

• "मग काय झालं?" एवढंच विचारा. नाव, जागा, उत्तर तुम्ही सुचवू नका.

• "तू सांगितलंस, बरं केलंस. तुझी काही चूक नाही," हे सांगा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येणार नाही.

• मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून वहीत लिहा. आजी, मावशी, शेजारीण यांच्यापुढे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका.

• घटना ताजी असेल तर ते कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. तक्रार नोंदवलेली नसली तरी तपासणी होते, आणि मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करतात.

"पण पोलीस, कोर्ट, अब्रू?" हा धसका मी समजू शकते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून 'पोक्सो' कायदा लागू आहे. मुलाचा जबाब घरी किंवा ते म्हणेल तिथे घेतात, शक्यतो स्त्री अधिकारी घेते, आणि गणवेश न घालता. तुम्ही जवळ बसू शकता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही, त्याचं नाव छापता येत नाही, आणि कोर्टात आरोपीच्या समोर आणलं जात नाही. उलट, माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. मग तो माणूस दीर असो की भाचा. कुठे जावं सुचलं नाही, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा.

घरातली अब्रू जपायला आपण फार शिकलो. पण अब्रू सांगणाऱ्या मुलाची जात नाही, करणाऱ्याची जाते, हे एकदा मनाशी पक्कं करा.

आणि उद्या कुणी ताटातल्या तांदळांत बोट फिरवत "मला नाही जायचं" म्हणालं, तर ताट बाजूला सारा. नुसतं म्हणा, "बस इथे. सांग मला." तांदूळ काय, मागाहूनही निवडता येतील.